काळ्या कापडाखालचे आकडे

— सही करणारच आहे हो, करत नाही असं म्हटलं का मी? पेन तेवढं खिशात ठेवा रविभाऊ, असं समोर धरून बसू नका, मला ठाण्यात बसल्यासारखं वाटतं. चारची बीड गाडी अजून लागायची आहे, आणि लागली तरी वेळेवर सुटत नाही — बावीस वर्षं त्याच गाडीच्या कंडक्टरच्या हातात बातम्यांचं पाकीट देतोय, मला गाडीची वेळ सांगू नका. संपादकांनी तुम्हाला पाठवलं, नव्या माणसाला. कावून? जुन्यांपैकी एकालाही माझ्यासमोर हा कागद धरायची हिंमत झाली नसंल. वाचला मी कागद. 'केज रस्त्यावरील पेट्रोल पंपाविषयी आमच्या अंकात आलेली बातमी निराधार होती' — ठीक आहे, गिळतो. 'आम्ही दिलगीर आहोत' — तेही गिळतो. पण हे मधलं — 'आमच्या अंबाजोगाईच्या वार्ताहरास प्रा. योगीराज शेटे यांनी जाणूनबुजून खोटे आकडे पुरविले' — हे वाक्य कुणी घातलं? वकिलानं? बरं. म्हणजे सही केली की मी वार्ताहर राहतो आणि योगीराजची नोकरी जाते, कारण ज्या पंपाची बातमी, त्याच पंपाचा मालक बद्रीनाथशेठ त्याच्या कॉलेजच्या संस्थेत संचालक. आणि सही नाही केली की योगीराज राहतो आणि मी जातो. बरोबर समजलो ना? मग झालं. त्यानं माझा केसानं गळा कापलाय, मी कशाला त्याची नोकरी सांभाळू? चहा घ्या. घ्या हो, निवतोय.

तुम्हाला योगीराज माहीत नाही. माहीत असता तर तुम्हीही फसला असता, मी सांगतो. भौतिकशास्त्र शिकवतो, निवृत्तीला आलाय, उभा राहिला तरी वाकल्यासारखा, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्याला वजनकाट्यावर ठेवून मग तुमच्या हातात देणार. आम्ही एकाच बाकावर शिकलो, इथंच. तो विज्ञानाकडं गेला, मी भांडणाकडं. माझ्याकडं ही फियाट — पाहिली ना दारात, हिरवी — जुनी घेतलेली, आणि तिचं इंजिन माझ्यासारखं, तापायचं लवकर आणि धूर फार. इथले मिस्त्री काय करतात, कानानं ऐकतात, कार्बोरेटरचा स्क्रू पिळतात, म्हणतात 'घ्या साहेब, झाली सेट'. योगी म्हणाला, कानानं कशाला, मोजू. मोजू! हा त्याचा शब्द. गेल्या दिवाळीत पुण्याला गेलता मुलीकडं, तर जुन्या बाजारातनं एक डबा घेऊन आला. कुठल्यातरी इंजिन तपासणाऱ्या प्रयोगशाळेनं मोडीत काढलेला — आता बाहेरचा माल खुला झालाय ना, नवीन यंत्रं आली, जुनी फुटपाथवर. त्या डब्याला एक सेन्सर, तो सायलेन्सरच्या पाइपात बसवायचा, आणि डब्यावर लाल आकडा येतो — इंजिनानं एक भाग पेट्रोलमागं किती भाग हवा ओढली. चौदा पॉइंट सात आला तर हिशोब बरोबर. खाली आला तर पेट्रोल जास्त जातंय, वर गेला तर कमी. बाकीचे सेन्सर नुसतं जास्त की कमी एवढंच सांगतात म्हणे, हा नेमका आकडा सांगतो, लांबपर्यंत, म्हणून त्याला वाइडबँड म्हणतात. आम्ही पाइपाला भोक पाडलं, नट वेल्डिंग करून घेतला, वेल्डरनं विचारलं, 'साहेब, सायलेन्सरला थर्मामीटर लावता का काय?' योगी म्हणाला, 'हो, ताप येतो तिला.' हसलतो तेव्हा मीही. आता हसू येत नाही.

पण घोळ कुठं झाला ते ऐका — आपलं ऊन! आपल्या उन्हात ते लाल आकडे दिसायचेच नाहीत. प्रयोगशाळेत बंद खोलीत बघायचं यंत्र ते, आणि आम्ही फिरतोय केजच्या रस्त्यावर, बाराच्या उन्हात. मग योगीनं आमच्या फोटोग्राफरकडनं काळं कापड आणलं. मी गाडी चालवणार, हा शेजारी बसणार, मांडीवर डबा, आणि डोक्यावरनं गुडघ्यापर्यंत काळं कापड. आत फक्त तो आणि आकडा. मी वेग म्हणायचा — 'चाळीस'. कापडातनं आवाज — 'तेरा पॉइंट दोन'. 'पन्नास'. 'तेरा पॉइंट आठ'. 'चढ, तिसरा गिअर'. 'बारा पॉइंट सहा'. आणि माझा टेपरेकॉर्डर मध्ये चालू, पुढाऱ्यांच्या मुलाखती घ्यायचा तोच. घरी येऊन कॅसेट लावायची, योगी आलेख काढायचा, मग कार्बोरेटरचं जेट — पेट्रोल सोडणारं बारीक भोक — बदलायचं, की पुढच्या रविवारी पुन्हा. लोखंडी सावरगावला फाट्यावर थांबलो की लोक जमायचे. एक म्हातारी काचेतनं डोकावून म्हणाली, 'काय झालं वो पाव्हण्याला? देवीचं हाय का?' केजच्या नाक्यावर तर पोलिसानं गाडी अडवली, त्याला वाटलं मी माणूस पळवून चाललोय. 'कापड काढा!' योगीनं कापड न काढता आतनंच सांगितलं, 'एक मिनिट, आकडा स्थिर होऊ द्या.' असे दिवस गेले आमचे. आणि गाडी! गाडी लोण्यासारखी चालायला लागली. खोटं बोलत नाही. तोवरचे आकडे खरे होते. तोवरचे.

लक्षात आलं ना तुमच्या — आकडा फक्त त्याला दिसायचा. मला नाही. मी विश्वासावर चालवत होतो.

मग पंपाचं. ते कुणाच्या डोक्यातनं निघालं? — माझ्याच. निघालं तर निघालं, बातमीदाराचं डोकं आहे, त्यात नाही निघणार तर कुणाच्या निघणार. मी म्हटलं, योगी, रस्ता तोच, वेग तोच, जेट तेच — फक्त पेट्रोल बदलून बघू. एका पंपाचं भरून आकडे घेऊ, मग दुसऱ्याचं. ज्याच्या पेट्रोलात रॉकेल असंल त्याचा आकडा सरकंल. बरोबर की नाही? तो म्हणाला, 'सरकू शकतो.' लई कारणं सांगितली त्यानं — हवा, उंची, इंजिनाची गरमी — मी म्हटलं मास्तर, वर्गात सांगा ते. बातमीत मी 'शकतो' घातलं नाही. जागा नव्हती. रकान्यात बसत नव्हतं. तुम्हीही काढलं असतं. पहिल्या पंपाचे आकडे बरोबर आले. मग बद्रीनाथशेठच्या पंपावर टाकी भरली, निघालो, आणि मी योगीला म्हटलं, 'बघ आता. शेठचा माल आहे, सोळाच्या खाली येत नाही बघ.' — तसं गमतीनं म्हटलं. गमतीनंच. आणि कापडातनं आलं, 'पंधरा पॉइंट नऊ'. थोड्या वेळानं 'सोळा पॉइंट एक'. मी स्टीअरिंगवर हात आपटला. काय? — नाही, शेठवर राग कशाला असंल? दिवाळी अंकाची जाहिरात त्यानं आपल्याकडनं काढून दुसऱ्या पेपरला दिली, मला म्हणाला, 'भीमाशंकर, तुमचा पेपर आता वाचतं कोण?' चारचौघांत म्हणाला, संस्थेच्या कार्यक्रमात, पेढे वाटताना. पण त्याचा ह्याच्याशी काय संबंध? काही संबंध नाही. तुम्ही मध्येच भलतं विचारू नका.

बातमी छापली. पहिल्या पानावर, माझ्या नावानं — तुम्हाला माहीत आहे, आजकाल पहिल्या पानावर काय असतं, रंगीत टीव्ही हप्त्यानं घ्या, फ्रीज घ्या. त्यात माझी बातमी. दोन दिवस लोकांनी शेठच्या पंपाकडं पाठ फिरवली. चहाच्या टपरीवर लोक उभे राहून मला नमस्कार करायचे. मग पुरवठा खात्यानं नमुने नेले, आणि नमुने शुद्ध निघाले. शुद्ध! मी म्हटलं, खातं विकलं गेलंय. वकिलाची नोटीस आली, मी म्हटलं, येऊ द्या, माझ्याकडं कॅसेटी आहेत, माझ्याकडं प्राध्यापक आहे, माझ्याकडं यंत्र आहे. संपादकांनी दोन्हीकडच्यांना बीडला बोलावलं, तुम्ही होता ना त्या दिवशी, दाराशी उभे होता. मग तुम्ही ऐकलंय. आम्ही हिरवी फियाट घेऊन गेलतो. योगी वाटभर खिडकीबाहेरच बघत होता. मला वाटलं वकिलाला घाबरला असंल. मीच धीर देत होतो त्याला — 'आकडे सांगायचे बस, बाकी मी बघतो.' मी! त्याला! धीर!

कॅसेट लावली. 'पन्नास' — माझा आवाज. 'सोळा पॉइंट एक' — त्याचा. शेठचा वकील तो बबनराव, बसला पान चघळत, म्हणाला, 'भीमाशंकरराव, हे तर भजनाच्या चाली म्हटल्यासारखं झालं. यंत्र दाखवा ना. खाली गाडी उभी आहे तुमची.' मी म्हटलं चला. सगळे खाली. बबनराव स्वतः पुढच्या सीटवर बसला, काळा कोट, वरनं काळं कापड — लोक हसायला लागले, मीही हसलो, मला वाटलं आता ह्याची जिरली. गाडी चालू केली. कापडातनं म्हणतो, 'तेरा पॉइंट चार'. मी रेस दिली. 'तेरा पॉइंट चार'. मी चोक ओढला, नुसता काळा धूर. 'तेरा पॉइंट चार'. मग म्हणाला, 'बंद करा.' मी इंजिन बंद केलं. आणि मग तो माणूस कापड न काढता, अगदी गोड आवाजात म्हणाला — 'अहो, बंद गाडीतही तेरा पॉइंट चारच आहे.'

मी योगीकडं बघितलं. तो बोनेटपाशी उभा होता. मला वाटलं आता काहीतरी सांगंल, तार निघाली असंल, फ्यूज गेला असंल. तो म्हणाला, वजनकाट्यावर ठेवून म्हणाला — 'गुढीपाडव्यापासून असंच आहे. आपल्याकडच्या पेट्रोलात शिसं असतं. शिशानं तो सेन्सर मरतो. पाडव्यानंतरचे आकडे मी अंदाजानं सांगितले.' अंदाजानं! शेठच्या पंपाचे सगळे आकडे पाडव्यानंतरचे. सगळे. मी म्हटलं, 'कावून बे? कावून सांगितलं नाहीस?' चारचौघांत ओरडलो मी, संपादक वरनं बघतायत. आणि हा काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, 'भीमा, आकडा थांबला असं सांगितलं असतं तर रविवार थांबले असते.' रविवार! वहिनी गेल्यापासून त्याला घरात करमत नाही, पोरगी पुण्यात, मान्य. तर गप्पा मारायला यायचं, जेवायला यायचं, आमची रोहिणी 'या भावजी' म्हणून ताट वाढते, कधी नाही म्हणते का? माझी बावीस वर्षं आणि ह्याचे रविवार! मी तहसीलदाराला घाम फोडलाय, कारखान्याच्या चेअरमनला मी सभेत खाली बसवलंय, माझ्यावर केस झाली, गाडीच्या काचा फुटल्या, पण माझी बातमी खोटी आहे असं कुणी म्हणू शकलं नाही. आणि एक माणूस, माझ्या शेजारी बसून, माझ्या पेट्रोलवर, कापडाखाली डोळे मिटून — हो, डोळे मिटून बसत असंल तो, बघायला होतंच काय — माझ्या कानात आकडे घालतोय. बायकोनंसुद्धा असं फसवलं नसतं.

काय? शिशाचं आधी सांगितलं होतं का त्यानं? हां, म्हणजे, सेन्सर बसवला तेव्हा म्हणालता काहीतरी. 'थोड्या टाक्या टिकंल' असं काहीतरी. तो हजार गोष्टी म्हणतो, सगळ्या ध्यानात ठेवायच्या का? ज्याच्या मांडीवर डबा त्यानं सांगायला पाहिजे. मी गाडी चालवणार की डबा बघणार? आणि दिसत तरी होतं का काही? एकदाच काय ते धारूरच्या घाटात आभाळ आलतं, वारा सुटलता, काच खाली होती, आणि कापड उडालं. योगी दोन्ही हातांनी ते ओढून घेतोय, तोंडानं म्हणतोय 'पंधरा पॉइंट सहा', आणि डब्यावर तेरा पॉ — तेरा काहीतरी होतं. म्हणजे असावं. घाटात वळण, समोरनं ट्रक, मी काय चष्मा लावून वाचत बसलो नाही. क्षणभर दिसलं, नाही दिसलं. तो माझ्याकडं बघत राहिला. मी रस्त्याकडं बघत राहिलो. मी म्हटलं 'चाळीस'. तो कापडात गेला आणि म्हणाला, 'पंधरा पॉइंट आठ'. बस, एवढंच.

कधी म्हणजे? बातमीच्या — नंतर. नंतर असंल. नाही, आधी, पण बातमी लिहून झालती तोवर. पाकीट चिकटवून ठेवलतं इथं, ह्या कोनाड्यात. अहो, लिहिलेली बातमी कुणी फोडतं का, एका वाऱ्यानं कापड उडालं म्हणून? लिहून काय घेताय? रविभाऊ, ते पेन — मघाशी मीच म्हटलं ना खिशात ठेवा. तुम्ही सही घ्यायला आलात की मुलाखत घ्यायला? मी तुमच्या वयाचा होतो तेव्हा समोरचा माणूस चहा पाजत असताना लिहून घेत नव्हतो. खोडा ते. खोडा माझ्यासमोर. हां.

विचारायचं होतं मी? काय विचारायचं — 'मित्रा, तू खोटं बोलतोयस का?' असं विचारतात? तुम्ही विचाराल तुमच्या मित्राला? विचारलं असतं तर तो खरं बोलला असता, हे मला माहीत आहे, त्याला खोटं टिकवता येत नाही, बीडला बघितलंत ना, कुणी काही विचारलंही नव्हतं आणि — असो. असो हो.

आणि एक सांगतो, तुम्ही वर जाऊन सांगा संपादकांना. बावीस वर्षांत मी बातमी देणाऱ्या माणसाचं नाव दिलेलं नाही. तलाठ्याचं नाही, कारखान्यातल्या कारकुनाचं नाही. पोलिसांनी रात्रभर बसवून ठेवलं तरी नाही. संपादक हे विसरले असतील, नव्या इमारतीत गेल्यापासून बरंच विसरलेत. तुम्ही म्हणाल, मग ह्याचं नाव? बरोबर आहे, तुम्ही म्हणालात नाही, पण तुमचं तोंड म्हणतंय. तर ऐका, योगीराज बातमी देणारा नव्हताच. बातमी देणारा स्वतःहून येतो, त्याला काहीतरी सांगायचं असतं. ह्याला काही सांगायचं नव्हतं. हा यंत्राचा भाग होता. एक डबा, एक तार, एक योगीराज. डबा बिघडला तर आपण छापत नाही का, की डबा बिघडला? तसंच हे. आणि त्यानं स्वतः कबूल केलंय, सगळ्यांसमोर. मी नवीन काय सांगतोय? त्याची नोकरी मी घेत नाही, ती त्यानं स्वतःच बोनेटपाशी उभं राहून दिली. संस्थेनं ठेवलं तर ठेवेल. शेठ मोठ्या मनाचा आहे — म्हणजे असू शकतो. पोरीकडं जाईल पुण्याला, करमंल तरी.

द्या कागद. द्या हो, वेळ नका घालवू. इथं? तारीख तुम्ही घाला. 'जाणूनबुजून' — राहू द्या, काय ते राहू द्या, वकिलाला बरं वाटू द्या. हे घ्या. झाली सही. बघा नीट आलीय का.

अगं, काय म्हणतेस? कोण आलंय? ... कोण? ... मग तू काय म्हणालीस त्यांना? 'या भावजी, बसा' म्हणालीस? बसलेत पण? ओट्यावर? ... सांग, ते बाहेरगावी गेलेत. गाडी दारातच आहे, हां, खरंच की. मग सांग झोपलेत. अगं सांग ना, झोपलेत म्हणून, त्यात काय आहे एवढं? माझ्याकडं असं बघू नकोस.

रविभाऊ, उठा. पुढनं नको, मोरीच्या बाजूनं जा, मागं बोळ आहे, तो सरळ स्टँडकडं निघतो. कागद आत ठेवा शर्टाच्या. आणि काही बोलू नका आता, आवाज जातो तिकडं. दार हळू ओढून घ्या.